दुसरी सही

घाबरू नका, ही गोष्ट भर दुपारची आहे. भुतांना रात्रच लागते असं म्हणणाऱ्यांनी चेन्नईत मे महिन्यात दुपारची ड्यूटी केलेली नसते. मी यामिनी पोवार, मूळची कोल्हापूरची, अण्णा नगरमधल्या एका हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. त्या दिवशी बाहेर डांबर वितळत होतं आणि आत एसीनं माझे दात वाजत होते. काम अगदी साधं होतं. चार नंबरच्या खाटेवरच्या कृष्णाजींची संपत आलेली सिरिंज बदलायची.

कृष्णाजी तंजावरकडचे मराठी, मैलापुरात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. न्यूमोनियानं फुप्फुसं भरली होती, श्वास मशीन देत होतं. उशाशी दोन पंप. एकातून झोपेचं औषध, दुसऱ्यातून स्नायू सैल करणारं, म्हणजे ते मशीनशी झगडणार नाहीत. आता यातली मेख ऐका. झोपेचं संपलं आणि दुसरं चालूच राहिलं, तर माणूस जागा होतो. सगळं ऐकतो, घशातली नळी त्याला टोचते, आणि पापणीसुद्धा हलवता येत नाही. मला भुतांपेक्षा याची जास्त भीती वाटते.

म्हणूनच असल्या औषधाला दोन नर्स लागतात. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं तपासून "बरोबर" म्हणायचं, मग कागदावर दोघींच्या सह्या.

झोपेच्या औषधाचा पंप किंचाळायला लागला. पाच मिनिटं उरली होती. हेमलताला हाक मारली, तर ती सात नंबरच्या पेशंटची छाती दाबत होती. "दोन मिनिटं, यामिनी!" आमच्याकडची दोन मिनिटं म्हणजे सवडीनुसार अर्धा तास. ट्रेमध्ये सकाळच्या पाळीनं भरून ठेवलेल्या दोन सिरिंजा होत्या, दोन औषधांची एकेक, दिसायला दोन्ही पाण्यासारख्या. एक उचलली आणि जोडायला वाकले.

"वाच ग."

अगदी कानामागून. पाठोपाठ खळ घातलेल्या सुती कापडाचा वास. मला वाटलं, कृष्णाजींच्या बायको, अन्नपूर्णाबाई, पुन्हा वॉचमनचा डोळा चुकवून शिरल्या. मागे न वळताच म्हणाले, "आजी, भेटायची वेळ चारची आहे."

"मला वेळ सांगतीस? मोठ्यानं वाच. अस्कं वाच."

अस्कं म्हणजे सगळं. हा शब्द मी इथल्या जुन्या मराठी घरांतलीच माणसं बोलताना ऐकला होता. चिडून वाचायला लागले. "नाव कृष्णाजी. खाट चार. औषध…"

लेबल लाल होतं. स्नायूंचं. सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.

"हां," मागून आवाज आला, "आता दुसरी घे. आणि केस बांध. वाण्याच्या दुकानात आलीस काय?"

दुसरी सिरिंज घेतली, वाचली. मागून आवाज आला, "बरोबर." पंपाचा वेग वाचला. "बरोबर." सिरिंज जोडली, पंप गप्प झाला, आणि मी वळले. मागे फक्त पडदा हलत होता… अन्नपूर्णाबाई काचेपलीकडे बाकावर बसून घोरत होत्या.

कागदावर माझ्या सहीशेजारी दुसरी सही झालेली होती. शाई ओली.

संध्याकाळी आमच्या इन्चार्ज सीतालक्ष्मी मॅडमनी फाइल उघडली. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. मॅडमनी सही पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एम्प्लॉयी नंबर लिहिलेला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पुढच्या वेळी लिहायला सांग त्यांना."

त्यांना म्हणजे कुणाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

कृष्णाजी अकराव्या दिवशी चालत घरी गेले. मी मात्र निर्ढावले. माणसाला कशाचीही सवय होते, तशी मला मागच्या त्या आवाजाचीही झाली. हेमलता बिझी असली की मी वाचायचे, मागून "बरोबर" यायचं, वर एखादा टोमणा. नखं वाढलीत, चपला वाजतात, डबा खाल्ला नाहीस. कोल्हापुरात आईसुद्धा इतकं बोलत नाही. खरं सांगते, मला ती आवडायला लागली होती.

मग एका मंगळवारी चार नंबरची खाट रिकामी होती. मी चादर बदलत होते. तोच खळीचा वास आला.

"आज मी वाचतें," ती म्हणाली. "तू तपास."

"बरं," मी म्हणाले. हातात उशी होती, लक्ष अभ्र्यात.

"खाट चार."

"बरोबर."

"औषध झोपेचं."

"बरोबर."

"नाव यामिनी वसंतराव पोवार."

"बरो…"

अर्धा शब्द तोंडातून निघून गेला होता. सवय वाईट हो. उशी छातीशी धरून मी उभी राहिले. सुटायला काहीतरी फट हवी होती.

"वय एकतीस," ती म्हणाली.

"चूक," मी ओरडलेच. "मी तीसची आहे. चुकलंय, औषध देता येणार नाही!"

ती हसली असावी.

"सेरी," ती तमिळमध्ये "बरं" म्हणाली. "थांबतें."

उशाशी माझ्या नावाचा औषधाचा कागद होता. तिची सही झालेली, माझी जागा रिकामी. नियम मोडून तो मी घरी आणला, कपाटात साड्यांखाली ठेवला आणि कुलूप लावलं. दोन सह्यांशिवाय औषध चढत नाही, एवढाच माझा आधार.

गेल्या सोमवारी मला एकतीस पूर्ण झाली. हेमलतानं केक आणला होता. रात्री घरी येऊन कुलूप काढलं आणि कागद पाहिला. माझ्या जागेवर "य" आहे. घाईत काढलेला, नेहमीसारखा तिरका. अक्षर माझंच आहे.