सहा वाजताचा ब्रेकर

"चौथ्यांदा वर करताय तो ब्रेकर. राहणार नाही तो."

वेदिकानं स्टुलावरून खाली पाहिलं. उंच, सावळा, हातात देवळातल्या प्रसादाची पुडी. हेदवीच्या गणपतीचं दर्शन घेऊन शहाळं प्यायला थांबलेला असावा. आधीच तिचं डोकं फिरलेलं. माडांच्या वाडीतल्या तिच्या कॅरॅव्हॅन पार्कात पाच गाड्या उभ्या, पाचही गाड्यांचे एसी बंद, आणि एक बाई 'आम्ही निघतो' म्हणत बॅग भरतेय.

"तुम्ही वायरमन आहात?"

"जयगडच्या बंदरात इलेक्ट्रिशियन आहे. ऋत्विक. आज सुट्टी आहे."

"मग स्टूल धरा. सुट्टीत तेवढं जमेल ना?"

त्यानं निमूट धरलं. वर हसलासुद्धा… छे, हसताना इतकं बरं दिसायचं काही कारण होतं का त्याला?

मग तो दर शनिवारी येऊ लागला. फेरीबोटीनं खाडी ओलांडून, पाठीला अवजारांची पिशवी. प्रत्येक गाडीची वायर तपासली, गीझर आणि एसी एकदम नको म्हणून पाहुण्यांना पाळ्या लावून दिल्या. दिवसभर सगळं सुरळीत चालायचं. संध्याकाळचे सहा वाजले की — खट्.

वेदिकाच्या वडिलांनी, आबांनी, शेवटी बजावलं. "ह्या शनिवारी वीज गेली की हे गाड्यांचं खूळ बंद. पुण्याची नोकरी परत धर."

वेदिका हट्टाला पेटली. पुण्याला जायचं नाही म्हणजे नाही. अलीकडे त्या हट्टाला आणखी एक कारण मिळालं होतं, आणि ते फेरीबोटीनं यायचं.

तो शनिवार उजाडला. साडेपाचच्या सुमारास ऋत्विक विहिरीकडून घामाघूम होऊन आला आणि पिशवी आवरू लागला.

"सापडलं?"

"हं… म्हणजे… हो."

"मग सांगा की."

"रागवाल."

"नाही सांगितलंत तर जास्त रागवेन."

त्यानं मान खाली घातली. "आबांचा पंप. वाडीच्या शिंपण्याचा. पार्कच्याच मेन लाइनवर जोडलाय कुणीतरी. ते बरोब्बर सहाला पंप लावतात, आणि त्याच वेळी पाहुणे समुद्रावरून येऊन एसी लावतात."

वेदिका मटकन पायरीवर बसली. चाळीस वर्षं आबा सहाच्या ठोक्याला माडांना पाणी देत आलेले. ब्रेकर स्वतःच पाडायचे आणि बोल मात्र हिला.

"मग हे सांगायला घाबरलात कशाला?"

"आबांना त्यांची चूक कोण दाखवणार? मी तर मुळीच नाही."

"का हो?"

"त्यांच्याकडे मला… दुसरं काही मागायचंय."

वाऱ्यानं तिची बट गालावर आली. ती सारायला त्याचा हात उठला आणि अर्ध्यावरच थांबला. वेदिकाला आता माघार घ्यायची नव्हती.

"काय मागायचंय?"

"तुम्हाला."

इतका आनंद झाला तिला, की रडूच येईल असं वाटलं. ती उठली, त्याचं मनगट धरलं आणि तडक विहिरीकडे निघाली.

"अहो, आत्ता? मी… माझे हात तरी धुऊ द्या."

"सहाला पाच मिनिटं आहेत. चला."

आबा पंपाच्या बटणावर बोट ठेवूनच उभे होते.

"आबा, थांबा. तुमच्या पंपामुळे वीज जाते. उद्यापासून शिंपणं पहाटे पाचला. आणि दुसरं, मला ह्यांच्याशी लग्न करायचंय."

आबांनी बोट काढलं. लेकीकडे पाहिलं, मग तिनं धरलेल्या त्या मनगटाकडे. पलीकडे एकेक एसी सुरू झाला. सहा वाजले, सव्वासहा झाले, तरी घरघर चालूच राहिली. आबा ती ऐकत बसले.

"पहाटे पाचला उठणार कोण गो? माझे गुडघे ऐकत नाहीत."

"मी उठेन," ऋत्विक म्हणाला.

"जयगडाहून? त्या वेळी बोट नसते हो."

वेदिकानं त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"म्हणजे राहावं इथेच लागणार," आबा म्हणाले. "उद्या पहिल्या बोटीनं आईवडिलांना घेऊन या."