चौथा बिल्ला

कपाटात लाखभर वह्या मावतील एवढी जागा रिकामी आहे. तरी कपाट म्हणतं, आता एकही वही उघडता येणार नाही. का बरं?

तुम्ही सावकाश विचार करा. मला हे कोडं पडलं तेव्हा माझ्याकडे पाऊण तास होता आणि माझी आई दर्यात होती.

आमचं बंदर कातळकोंड. छोटंसं आहे, पण आमच्या होड्या बॅटरीवर चालतात आणि समुद्रात बारा बोये तरंगतात. बोया म्हणजे पाण्यावरचा निरोप्या. होडीचा निरोप तो उचलतो, पुढच्या बोयाकडे ढकलतो, असं करत करत तो बंदराच्या ऑफिसातल्या सर्व्हरपर्यंत (सगळ्यांचे निरोप घेणाऱ्या मोठ्या संगणकापर्यंत) पोचतो. वादळ येणार असेल तर सर्व्हर प्रत्येक होडीला तिची वेगळी सुखरूप वाट काढून पाठवतो. या कामाचा प्रोग्राम मी लिहिला आहे. वय वर्षं तेरा, नाव हर्षाली. सुट्टीत लिहिला, मच्छीमार सोसायटीनं तपासला आणि अकरा दिवसांपूर्वी चालू केला. तेव्हापासून मी गावात जरा ताठ मानेनं चालत होते, हे कबूल करते.

त्या दुपारी मी बंदराच्या ऑफिसात होते. दोनला पाच कमी असताना हवामानाचा इशारा आला. दोन चाळीसला पश्चिमेकडून जोराचा वारा सुटणार होता. सत्तर होड्यांना त्यांच्या वाटा गेल्या. एकाहत्तरावी आमची, ‘चंद्रकोर’. तिची तांडेल (होडीची प्रमुख) माझी आई. तिच्यासोबत पाच माणसं. चंद्रकोर कासवखडकाच्या मागे होती, तिथे बिनतारी संचावर नुसती खरखर येते. बोयांचे निरोप दाखवणाऱ्या ऑफिसातल्या फलकावर मात्र स्पष्ट दिसत होतं: चंद्रकोर जोडणी मागते आहे. पुन्हा मागते आहे. पुन्हा.

सर्व्हर तिला आत घेत नव्हता. पडद्यावर एकच ओळ सारखी उमटत होती: ‘नवी फाइल उघडता येत नाही.’

मला वाटलं जागा संपली. म्हणून मी गेल्या वर्षीच्या मासळीमेळ्याचे सगळे फोटो उडवून टाकले. ढिम्म फरक नाही. मग डिस्क (माहिती साठवायची जागा) तपासली, तर शंभरातले त्र्याण्णव भाग रिकामे. शहाणपणा बघा, आधी उडवले आणि मग तपासलं. आता सर्व्हर बंद करून परत चालू करावा म्हणून मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं.

वेणूआत्या होती. माझ्या बाबांची मोठी बहीण. चाळीस वर्षं तिनं मोठमोठ्या सर्व्हरांची दुखणी काढली आणि निवृत्त होऊन गावी आली. गावात सगळे तिला संथ म्हणतात. चहासुद्धा ती गार करून पिते. त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला.

“बंद केलास तर काय होईल?” तिनं विचारलं.

“परत चालू होईल.”

“आणि त्या सत्तर होड्या?”

मी हात मागे घेतला. सर्व्हर बंद झाला की सत्तरच्या सत्तर जोडण्या तुटल्या असत्या. मग सगळ्या होड्या एकदम जोडणी मागणार, आणि बोयांना एवढी गर्दी झेपत नाही. एका होडीसाठी मी बाकीच्यांनाही आंधळं करणार होते.

“आई आहे गं तिकडे,” मी म्हटलं.

“माहीत आहे. माझी भावजय आहे ती.” आत्यानं प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि चष्मा पुसला. अगदी खरं सांगते, तिनं चष्मा पुसला. “तू ओळ अर्धीच वाचलीस. उरलेली वाच.”

ओळ पडद्याच्या उजव्या कडेबाहेर गेली होती. मी ती सरकवली. पुढे लिहिलं होतं: ‘उघड्या फाइली फार झाल्या.’

“फाइलींची दुखणी पुष्कळ असतात,” आत्या म्हणाली. “फाइल सापडत नाही, हे एक. फाइलीला हात लावायची परवानगी नाही, हे दुसरं. जागा संपली, हे तिसरं. आणि हे चौथं. चारींची औषधं वेगळी. संगणक बिचारा कुठे दुखतंय ते सांगतो, आपण ऐकत नाही.” हे बोलत असताना तिची बोटं चालूच होती. “भिंतीवर काय आहे?”

भिंतीवर भिवाजीकाकांचा फळा होता. भिवाजीकाका बंदराचे जुने कारकून. होडी निघाली की ते कपाटातून तिची वही काढत, फळ्यावरच्या खिळ्याचा पितळी बिल्ला काढून वहीवर ठेवत, आणि वही लांब टेबलावर उघडून वर दगड ठेवत, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून. होडी परत येईपर्यंत ती वही मिटायची नाही, ही आमच्या बंदराची रीत. दर्यात असलेल्या होडीची वही मिटणं म्हणजे तिची आशा सोडणं. होडी लागली की तांडेल स्वतः येऊन आपल्या हातानं वही मिटतो आणि बिल्ला खिळ्यावर परत जातो.

“कपाटात वह्या कितीही असू देत,” आत्या म्हणाली, “एका वेळी उघड्या किती ठेवता येतील?”

“बिल्ले असतील तेवढ्या.”

“झालं तर. आपला सर्व्हर युनिक्सच्या (एका जुन्या संगणक-प्रणालीच्या) घराण्यातला आहे. तिथे प्रोग्रामनं फाइल उघडली की त्याला एक आकडा मिळतो. त्याला म्हणतात फाइल-निर्देशांक (उघड्या फाइलीचा बिल्ला समज). फाइल मिटली की बिल्ला परत. प्रत्येक प्रोग्रामला मोजकेच बिल्ले दिलेले असतात, एखादा प्रोग्राम बिघडला तर त्यानं अख्ख्या संगणकाचे बिल्ले पळवू नयेत म्हणून. तुझ्या प्रोग्रामचे बघ.”

पडद्यावर आकडा आला. मर्यादा एक हजार चोवीस. वापरात एक हजार चोवीस.

कोडं सुटलं होतं. कपाट रिकामं होतं, खिळेही रिकामे होते.

“पण होडीला फाइल कशाला लागते?” मी विचारलं. “ती नुसती बोलायला येते.”

आत्याचे डोळे चमकले. एवढ्या घाईतसुद्धा चमकले. “या घराण्याची हीच गंमत आहे. इथे वही ही फाइल, कळफलक ही फाइल आणि दूरच्या होडीशी बोलायची तारही फाइलच. सगळ्यांना एकाच जातीचा बिल्ला. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे, मला अजून नवल वाटतं. म्हणून तार जोडायलाही बिल्ला लागतो, आणि तो नाही म्हणून तुझी आई बाहेर उभी आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झाली होती.

“मग बिल्ले वाढव ना,” मी म्हटलं.

“तेच बघतेय. मर्यादा दोन असतात. एक सौम्य मर्यादा (खडूनं आखलेली रेघ, गरज पडली की पुढे सरकवता येते). दुसरी कठोर मर्यादा (पक्की भिंत, ती फक्त सर्व्हरचा मालकच हलवू शकतो). तुझी रेघ एक हजार चोवीसवर आहे. भिंत कुठे आहे?”

मी वाचलं. “चार हजार शहाण्णव.”

“म्हणजे भिंतीला हात लावायचं कारणच नाही. रेघ भिंतीपर्यंत नेऊ. चालत्या प्रोग्रामची रेघही सरकवता येते, त्याला बंद न करता.” तिनं एक ओळ टाइप केली, ती शेवटपर्यंत पुन्हा वाचली आणि मग बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मी मनात मोजत होते. अकरा मोजले आणि फलकावर ‘चंद्रकोर’च्या पुढचा लाल ठिपका हिरवा झाला. तिची वाट गेली: खडकाला उत्तरेकडून वळसा, मग सरळ खाडीत. थोड्या वेळानं उलट निरोप आला. ‘मिळाली. वळतेय. जेवलीस का?’

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती.

“आता खरं काम,” ती म्हणाली. “एकाहत्तर होड्या. प्रत्येकीची एक वही, एक तार. किती झाले?”

“एकशे बेचाळीस.”

“मग हजारावर बिल्ले गेले कुठे? रेघ सरकवली म्हणजे आपण वेळ मिळवला, दुखणं तसंच आहे.” तिनं प्रोग्रामकडच्या सगळ्या उघड्या फाइलींची यादी मागवली. ती झरझर खाली येऊ लागली. चंद्रकोर, चंद्रकोर, चंद्रकोर. मी मोजल्या. आईच्या एकाच होडीच्या अडतीस वह्या उघड्या होत्या, आणि तेवढ्याच तारा, एक सोडून सगळ्या मेलेल्या.

भिवाजीकाका दारात उभे होते. इशारा ऐकून आले असावेत. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि साधेपणानं विचारलं, “एका होडीला अडतीस वह्या कशाला? मी तर एकीला एकच ठेवायचो.”

“होडी कासवखडकामागे गेली की काय करायचात, काका?” आत्यानं विचारलं.

“काय करणार? तीच वही उघडी ठेवून वाट बघायची. पुन्हा दिसली की त्याच पानावर पुढे लिहायचं.”

मला सगळं समजलं. प्रोग्राम लिहिताना मी बंदराची रीत पाळली होती: होडी दर्यात असेपर्यंत तिची वही मिटायची नाही. त्याचा मला केवढा अभिमान होता. पण होडी खडकामागे जाऊन परत दिसली की माझा प्रोग्राम तिला नवीच होडी समजे, नवी तार, नवी वही. जुनी मिटायची नाही, म्हणून तीही उघडीच. होडी बंदराला लागली की मिटायची ती फक्त शेवटची वही. मी चाचणी घेतली होती धक्क्याला बांधलेल्या दोन होड्यांवर. त्या कशाला खडकामागे जातील? आणि वारा वाढला की बोये हेलकावतात, जोडण्या जास्त तुटतात, बिल्ले जास्त अडकतात. म्हणजे माझा प्रोग्राम नेमका वादळातच दगा देणार होता.

“माझी चूक आहे,” मी म्हटलं. “माझ्यामुळे आई...”

“हो, तुझी आहे,” आत्या म्हणाली. “याला बिल्लागळती म्हण. घेतलेला बिल्ला परत न देणं. मी नोकरीत हीच चूक सात वेळा केली. तुझी पहिली.”

मला लगेच प्रोग्राम दुरुस्त करायचा होता. हात शिवशिवत होते. पण दुरुस्त केलेला प्रोग्राम चालवायचा तर आधीचा बंद करावा लागतो. आत्यानं कागदावर हिशेब मांडला: मिनिटाला वीस बिल्ले अडकतायत असं धरलं तरी तीन हजार बहात्तर बिल्ले अडीच तास पुरतील. होड्या साडेतीनपर्यंत आत येतील. “पुरेसं आहे. दर्यात होड्या असताना कारकुनाला खुर्चीवरून उठवायचं नाही. बस आता शांत.”

मी बसले. शांत नव्हते, पण बसले. आणि तेव्हा मला कळलं की आत्या संथ नाही. तिची एकही हालचाल फुकट गेली नव्हती. मी पाच मिनिटांत तीन गोष्टी करायला गेले, त्यातली एकही उपयोगी पडली नाही. तिनं एकच केली. मोठेपणी मला असं व्हायचं आहे, हे मी त्याच खुर्चीत बसून ठरवलं.

दोन चाळीसला वारा आला. ऑफिसची तावदानं थडथडली. फलकावरचे हिरवे ठिपके विझत होते, पुन्हा लागत होते, आणि बिल्ल्यांचा आकडा चढत होता. तेराशे. सतराशे. पण दार कुणालाही बंद झालं नाही. तीन वाजून बावीस मिनिटांनी चंद्रकोर खाडीत शिरली. शेवटची होडी साडेतीनला लागली.

मग आत्या खुर्चीवरून उठली आणि मला तिथे बसवलं. मी सहा ओळी लिहिल्या. होडीनं जोडणी मागितली की आधी तिचं नाव बघायचं. तिची वही उघडी असेल तर तीच पुढे चालवायची. मेलेल्या तारेचा बिल्ला खिळ्यावर परत. आणि वापरातले बिल्ले तीनशेच्या वर गेले की आम्हाला आधीच हाक मारायची. आत्यानं प्रत्येक ओळ वाचली, एक चूक काढली आणि म्हणाली, “आता चालव. नीट चाललं की बाकीच्या बंदरांना पाठवू. तुझ्या नावानं.”

प्रोग्राम चालू झाला. एकाहत्तर होड्या धक्क्याला होत्या, म्हणून बिल्ले शून्य हवेत. पडद्यावर होतं: वापरात चार.

“गळतंय अजून,” मी घाबरून म्हटलं.

“नाही गं. पहिले तीन प्रत्येक प्रोग्रामला जन्मतःच मिळतात. एक आत येणाऱ्या माहितीचा, एक बाहेर जाणाऱ्या उत्तराचा, एक तक्रारींचा.”

“आणि चौथा?”

तेवढ्यात दार उघडलं. आई होती, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. ती सरळ भिवाजीकाकांच्या टेबलाशी गेली. काकांनी तिची कागदी वही अजून उघडी ठेवली होती, वर दगड ठेवून. प्रोग्राम आल्यावरसुद्धा ते रोज ठेवत होते, हे मला त्या दिवशी कळलं. आईनं दगड बाजूला केला आणि ओल्या हातानं वही मिटली. मग तिनं मला जवळ घेतलं. मी तिला सगळं सांगितलं, चुकीसकट. ती म्हणाली, “खडकामागे मी जोडणी मागत होते ना, तेव्हा आत कुणीतरी धडपडतंय असं वाटत होतं मला.”

“चौथा बिल्ला,” आत्या मागून म्हणाली, “हाक ऐकायचा. नवीन कुणी जोडणी मागतंय का, एवढंच तो ऐकत बसतो. होडी असो नसो, तो मिटायचा नाही.”

रात्री निघताना मी ऑफिसातले दिवे बंद केले. पडद्यावर चार होते. मी तो पडदा तसाच चालू ठेवला.