सयाजींचा डावा हात

मिरजेच्या एका इस्पितळात सृष्टी एक्स-रे काढायची. दिवसभर तोंडात दोनच वाक्यं: श्वास रोखा, हलू नका. लहान मुलं हमखास हलायची आणि पडद्यावर हाडांच्या जागी धुरकट पट्टा उमटायचा. तो पट्टा तिला लांबूनही ओळखू यायचा.

तिचे आजोबा, कृष्णातआबा, कऱ्हाडजवळ कृष्णाकाठच्या गावात राहायचे. ऐंशी ओलांडली होती, तरी सकाळी उसाला फेरी मारल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. आबांनी आपल्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. आबा पोटात असतानाच सयाजी पलटणीबरोबर बोटीवर चढले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले. घरात त्यांचं पदक होतं, फोटो नव्हता. पितृपंधरवड्यात बाकीच्यांच्या फोटोंना हार पडायचे. सयाजींसाठी पाटावर नुसतं पदक ठेवायचे.

गेल्या वर्षी आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, "समदं लख्ख दिसाय लागलं बग. एक बाचं त्वांड तेवढं बघायचं ऱ्हायलं."

आबा कधी काही मागायचे नाहीत. सृष्टीच्या मनात ते वाक्य रुतून बसलं.

तिनं शोध सुरू केला. आधी इटलीतल्या दफनभूमीच्या यादीत सयाजींचं नाव सापडलं. मग लष्कराच्या कचेरीला पत्रं गेली, बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. त्यात उंची होती, छाती होती, कपाळावरच्या जुन्या व्रणाची नोंद होती. चेहरा कुठेच नव्हता. शेवटी कुणीतरी सातारच्या इंद्रजितरावांचं नाव सांगितलं. निवृत्त सुभेदार. गावोगाव फिरून जुन्या फौजींच्या घरचे फोटो गोळा करणं हाच आता त्यांचा उद्योग होता.

इंद्रजितरावांनी टेबलावर एक मोठा फोटो ठेवला. मार्च १९४४, इटली. खडीच्या मैदानात जवानांच्या रांगा, खाली नावांची पट्टी.

"उभ्या रांगेत टोकाला. हे तुमचे सयाजी."

सडपातळ, मिशी कोरलेली, कपाळावर व्रण. सृष्टी फोटोवर वाकली. नाक सरळ आबांचं होतं.

मग तिला त्यांचा डावा हात दिसला. बाकी सगळ्यांचे हात अंगाला चिकटलेले. सयाजींचा डावा हात मात्र थोडा बाजूला आणि खाली, बोटं अर्धी मिटलेली. त्या बोटांपाशी एक धुरकट डाग होता, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत आलेला.

"बुरशी असंल," इंद्रजितराव म्हणाले. "मी कापूस फिरवून बघितला. जात न्हाई."

त्यांनी स्कॅन दिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सृष्टीनं ते इस्पितळाच्या मोठ्या पडद्यावर उघडलं. बुरशी कडेनं जाळीसारखी पसरते. हा डाग एका दिशेला ओढला गेला होता. असले पट्टे ती रोज बघत होती. तिथं कुणीतरी उभं होतं आणि ऐन वेळी हललं होतं.

तिनं चित्र आणखी मोठं केलं. वरचं अंग वळलं होतं, पण पाय जागीच राहिले होते. खडीवर दोन छोटी, अनवाणी पावलं स्पष्ट दिसत होती. एका पावलावर बारीक गोल रेघ होती. वाळ्यासारखी.

तिथल्याच कुणा गावकऱ्याचं पोर असेल, असं तिनं ठरवलं. वाळ्याचं काय करायचं ते मात्र ठरलं नाही. फोटो मढवताना तिनं दोन्ही कडांचा भाग कापायला लावला. सयाजी मध्ये आले. तो डाग कापायला मात्र तिचं मन धजलं नाही.

रविवारी ती गावी गेली. आबा दुपारचं जेवून ओट्यावर बसले होते. फोटो मांडीवर ठेवल्यावर त्यांनी कुठला कोण हे विचारलंच नाही. बोट सरळ सयाजींवर गेलं. मग त्या डागावरून हळूहळू फिरलं.

चौकटीच्या कडेला येऊन थांबलं.

"खेचर कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"कसलं खेचर, आबा?"

"हितं. ह्या अंगाला. मोठं होतं. नाकानं फुरफुर केलं त्यानं."

सृष्टीनं फोन काढला आणि मूळ स्कॅन उघडलं. कापलेल्या पट्टीत, अगदी कडेला, फ्रेमबाहेर निम्मं गेलेलं एक डोकं होतं. लांब कान. पाठीवरच्या ओझ्याची दोरी.

तिनं फोन पालथा ठेवला.

"तुमाला कसं ठावं?"

"आईला सांगितलं तर ती रडायची. म्हणून कुणाला बोललोच न्हाई." आबा फोटोकडंच बघत होते. "गुडीपाडव्याच्या टायमाला लय ताप आला हुता मला, ल्हान हुतो तवा. डोळं उघडंना. आईनं आशा सोडली हुती. त्या तापात मी तितं हुतो. पायाला खडी टोचायची. गार वारं. एक मोठा हात हुता. म्हणाला, बाळा, हलू नगंस. अन् त्ये खेचर आलं, म्या वळून बघितलं."

"मग?"

"हसला त्यो. म्हणाला, असू दे, परत काढू. अन् मी घरात जागा झालो."

सयाजी फोटोच्याच वर्षी, पावसाळ्यात गेले होते. सृष्टी आबांच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली.

उन्हं कलल्यावर आबा आत गेले. धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून बाहेर आले.

"माजा एक फोटू काढ."

"असा अचानक?"

"काढ गं."

ते अंगणात मधोमध उभे राहिले. मग काहीतरी आठवल्यासारखे एका बाजूला सरकले. जागा करून दिल्यासारखे. उजवा हात त्यांनी वर उचलला, डोक्याच्याही वर, आणि तिथंच धरला. खांदा दुखतो म्हणून ज्यांना सदऱ्यात हात घालायला मदत लागायची, ते आबा.

"आबा, हात दुखंल."

"न्हाई दुखत. ह्या खेपंला म्या हालणार न्हाई."

सृष्टीनं फोन धरला. रोजचंच वाक्य.

"हलू नका."

फोटो निघाला. अंगण, आबा, शेजारची मोकळी जागा. बाकी काही नाही. तिनं श्वास सोडला.

"झालं, आबा. हात खाली घ्या."

आबा तसेच उभे. चेहऱ्यावर असं हसू, जे तिनं कधी पाहिलं नव्हतं. अगदी लहान मुलाचं.

"आबा?"

"बा सोडंना," ते हळूच म्हणाले.

ती जवळ गेली. आबांची चारी बोटं एकमेकांवर दाबली गेली होती. हाताच्या मागच्या बाजूला कातडीत, कुणाची बोटं रुतल्यासारखे खळगे पडले होते, पांढरे, रक्त न पोचलेले. तिच्या देखत त्यातला एक खळगा थोडा सरकला आणि पुन्हा घट्ट झाला.

तिनं आबांचं मनगट धरलं आणि अलगद खाली ओढलं.

हात आला नाही. आबांच्या टाचा मात्र जमिनीवरून हळूच उचलल्या गेल्या.