धबधबा बंद आहे

"धबधबा कुठे आहे हो?"

"सुट्टीवर गेलाय."

एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. मान वर करून बघायचीही तिला गरज वाटली नाही. सोमवारची सकाळ, कोपरापर्यंत ग्रीस, आणि त्यात हा प्रश्न! तिच्या समोर छातीएवढं उंच लोखंडी चाक होतं. ते फिरवलं की बंधाऱ्याचा दरवाजा वर उचलला जायचा आणि पाणी कड्यावरून उडी घ्यायचं. नाही फिरवलं, तर कडा कोरडा ठणठणीत. म्हणजे ज्या धबधब्यासाठी माणसं मुलंबाळं गाडीत कोंबून लांबून यायची, त्याचा सगळा कारभार या बाईसाहेबांच्या हातात होता. हेच चाक फिरवणारे वडील निवृत्त झाल्यावर परीक्षा देऊन, मुलाखत देऊन तिने ही नोकरी मिळवली होती. गाव तिला चाकबाई म्हणायचं, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मागून हसण्याचा आवाज आला. चांगला मोकळा, पोटातून आलेला. आता मात्र तिने वळून पाहिलं. तिशीचा माणूस, पाठीवर पिशवी, चष्म्यावर धूळ, पायात नवे कोरे बूट. चष्मा शर्टाला पुसत तो कोरड्या कड्याकडे बघून हसत होता.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... धबधब्याला रजा मिळते हे आजच कळलं. अर्ज कुणाकडे करतो?"

"माझ्याकडे."

"आणि तुम्ही लगेच मंजूर करता?"

"माणूस बघून," ती म्हणाली, आणि आपण हसतोय हे लक्षात आल्यावर तिने घाईघाईने पाना उचलला.

मग त्याने आपलं काम सांगितलं आणि सगळा विचका झाला. एक मासिक दरवर्षी यादी छापायचं, त्या यादीसाठी तो आला होता. लांब सुट्टीत जाण्याजोगी दहा छोटी गावं.

"अच्छा! म्हणजे ते तुम्ही!" पाना दाणकन खाली पडला. "गेल्या वर्षी आमच्या गावाबद्दल 'बारमाही कोसळणारा' असं लिहिणारे! बारमाही? अहो, हा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो आणि सोमवारी सकाळी बंद होतो! तोसुद्धा पाणी असेल तरच!"

"ते मी नव्हतो. सहकाऱ्याने फोटो बघून लिहिलं होतं. म्हणून तर या वेळी मला पाठवलंय, की डोळ्यांनी बघून ये."

"मग बघितलंत ना? या आता."

"शनिवारपर्यंत आहे मी," तो शांतपणे म्हणाला. "गावात सगळ्यात मोठं हॉटेल आहे ना, तिथे उतरलोय."

ते हॉटेल तिच्या मामांचं होतं. आता काय बोलणार, कपाळ?

मामांनी यादीवाल्याची सरबराई जावयासारखी चालवली होती. खिडकीची खोली, दोनदोन उशा, तासातासाला चहा. येत्या शनिवारपासून तीन दिवसांची सुट्टी होती. गावातल्या सगळ्या खोल्या भरलेल्या, खानावळींनी जादा माणसं बोलावलेली, गाड्या चालवणाऱ्यांनी गाड्या धुऊन ठेवलेल्या. आणि यादीत गाव पुन्हा आलं, तर पुढचं वर्षही निघणार होतं. फक्त एकच गोष्ट हवी होती. शनिवारी सकाळी धबधबा.

आणि अडचणही तीच होती. बंधाऱ्यात पाण्याची उंची दाखवणारी पट्टी होती, तिच्यावर लाल रेघ. पाणी त्या रेघेखाली गेलं की धबधब्याला एक थेंब द्यायचा नाही, असा नियम. उरलेलं पाणी खालच्या वस्तीच्या नळांसाठी. या वर्षी पाणी रेघेच्या चांगलं वीतभर खाली होतं.

मंगळवारी सकाळी सात वाजता ती पट्टी वाचायला गेली, तर यादीवाला आधीच पायऱ्यांवर हजर.

"तुमच्या मामांकडचा चहा चुकवायला आलोय. पाच कप झाले, आता पोटातून आवाज येतो."

ती हसणार नव्हती. पण हसली.

बुधवारीही तो आला, गुरुवारीही आला. तिने त्याला पट्टी वाचायला शिकवली आणि त्याने दोन्ही दिवस चुकीची वाचली. "चष्मा बदला," ती म्हणाली. "चष्म्याचा दोष नाही," तो म्हणाला, "पट्टीकडे बघायला वेळच मिळत नाही." हे बोलून तो इतका गडबडला, की पायरीवरचं शेवाळ चुकवताना तिच्याच दंडाला धरून उभा राहिला. वारा होता, कुठेतरी पंपाची धडधड होती, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर तिच्या हाताचं काळं ग्रीस उमटलं होतं. त्याने ते पाहिलं आणि पुसलं नाही. ती घरी आली तेव्हा बाबांनी विचारलं, "आज गाणं म्हणतेस काय?" ती म्हणाली, "छे, घसा साफ करतेय." बाबा गुडघ्याला मलम चोळत गालातल्या गालात हसले. पोरगी तीस वर्षांची झाली तरी बापाला काय कळत नाही होय?

शुक्रवारी दुपारी मामा आले. आल्या आल्या बसले नाहीत, म्हणजे काम मोठं होतं.

"उद्या नऊ वाजता उघड. दोन तास पुरे."

"मामा, पाणी रेघेखाली आहे."

"रेघ काय देवाने आखलीय? पाणीखात्याच्या साहेबांशी बोललोय मी."

साहेबांचा फोन तिलाही आला होता. जरा समजून घ्या, म्हणाले. लेखी द्या म्हटल्यावर त्यांची रेंज गेली.

"दोन तासांत खालच्या वस्तीचं चार दिवसांचं पाणी दरीत जातं, मामा. ते परत येत नाही."

"आणि इथली माणसं? त्यांनी वर्षभर कशाच्या आशेवर बसायचं? तू एकटीच शहाणी, आम्ही सगळे वेडे?" मामांचा आवाज चिरकला. "तुला काय सांगू मी आणखी..."

तिला सांगायची गरज नव्हती. ती आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हा याच माणसाने शेजारणीकडे जाऊन वेणी घालायला शिकून घेतलं होतं. दोन वर्षं रोज सकाळी हॉटेलचं काम टाकून यायचे, आणि वाकडी का होईना, वेणी घालून शाळेत सोडायचे. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ जड होते. तिची झाली. ती नुसतीच नकाराची मान हलवत राहिली, आणि मामा तसेच निघून गेले.

रडू येत होतं, तेवढ्यात यादीवाला आला. तिला वाटलं, निदान हा तरी समजून घेईल. आणि हा पठ्ठ्या काय म्हणाला?

"मी काय म्हणतो... दहा मिनिटं उघडता येईल का? फोटोपुरतं? मामांचंही राहील, तुमचंही..."

"तुम्हीसुद्धा?"

"नाही, म्हणजे—"

"चार दिवस पट्टी बघताय! का पट्टी बघायचं निमित्त होतं आणि फोटो काढायचा होता? सरळ सांगायचं ना पहिल्याच दिवशी! मी उगाच..." ती थांबली. उगाच काय, हे त्याला सांगायची तिची अजिबात इच्छा नव्हती. "निघा तुम्ही. खालच्या वस्तीत जाऊन या एकदा, मग या मला दहा मिनिटं शिकवायला."

तो गेला. वळून बघेल असं तिला वाटलं होतं. बघितलं नाही. मग तिला त्याचाही राग आला.

शनिवारी साडेआठलाच बंधाऱ्यावर ही गर्दी! टोप्या, छत्र्या, खांद्यावर पोरं. मामा पुढे, त्यांच्या मागे हॉटेलवाले, खानावळवाले, गाडीवाले. ती चाकाला पाठ लावून उभी होती.

"उघड गं," मामा म्हणाले.

ती मामांशी बोललीच नाही. ती आलेल्या माणसांकडे वळली आणि शाळेत कविता म्हणावी तशी मोठ्याने म्हणाली, "धबधबा बंद आहे! आज, उद्या आणि परवासुद्धा! हे पाणी लोकांच्या पिण्याचं आहे. तुम्ही लांबून आलात, वाईट वाटतं मला. पण तुमच्या फोटोसाठी मी कुणाच्या घरातली घागर रिकामी करणार नाही!"

एकच गलका झाला. कुणी म्हणालं फसवणूक आहे, कुणी म्हणालं बरोबर बोलते पोरगी. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तरी सांगत होते, समुद्रावर जाऊ." मामा लाल झाले. "अगं, यादीवाले इथेच आहेत! काय लिहितील ते?"

गर्दीच्या मागून तो पुढे आला. तोच पांढरा शर्ट, चुरगळलेला, बुटांना चिखल.

"काही लिहिणार नाही," तो म्हणाला. "तुमचं गाव मी यादीतून काढलंय. काल खालच्या वस्तीत गेलो होतो. एका नळाला तासभर पाणी, आणि रांग शाळेच्या भिंतीपर्यंत. एका आजींनी तांब्याभर पाणी दिलं मला प्यायला... लाज वाटली हो. लोक आलेच नाहीत तर चाक फिरवायची यांच्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही, असं वाटलं. म्हणून काढलं."

मामांनी डोक्याला हात लावला. आणि सगळ्यांना वाटलं, आता ही खूश होईल.

"काढलं?" ती म्हणाली. "कुणाला विचारून काढलं?"

"तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी? माझी काळजी वाटते म्हणून माझं अख्खं गाव पुसून टाकलंत? वा रे वा! हे मामा कुणाच्या जिवावर हॉटेल चालवणार? हे गाडीवाले काय करणार? धबधबा नाही तर आम्ही नाहीच का?" ती चाकापासून एक पाऊल पुढे आली. "घाला परत. यादी कधी द्यायचीय?"

"दुपारी बारापर्यंत... पण काय लिहू?"

"खरं लिहा. लिहा, धबधबा बंद आहे. तरी या."

"तरी या?" तो गोंधळला. "पण वाचणारा विचारणार ना, कशासाठी?"

"तुम्ही कशासाठी राहिलात? सोमवारीच बघितलं होतंत ना कोरडा कडा? दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडायची होती!"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ते... ते यादीत लिहिण्यासारखं नाही."

"मग इथे बोला."

"एवढ्या लोकांसमोर?"

"मी आत्ता एवढ्या लोकांसमोरच बोलले. तुम्हाला काय झालं?"

त्याने एक मोठा श्वास घेतला. "तुमच्यासाठी राहिलो," तो म्हणाला, "आणि काल तुम्ही हाकलल्यापासून एक घास उतरलेला नाही. दहा मिनिटांचं बोललो ती चूक झाली. हवं तर तेही छापतो."

समुद्रावर जाऊ म्हणणाऱ्या बाई आता नवऱ्याला गप्प बसायची खूण करत होत्या. मामा एकदा त्याच्याकडे, एकदा भाचीकडे बघत होते. "हे काय चाललंय? कुणी मला सांगेल का?"

"मी सांगते," ती म्हणाली. गाल तापले होते, कान तापले होते, पण मान ताठ होती. "मामा, चाक फिरणार नाही. आणि हा माणूस मला आवडतो. दोन्ही आत्ताच सांगून टाकते, दोनदा भांडायला मला वेळ नाही."

मामांचं तोंड उघडं राहिलं. ते खाली पायरीवर बसले. कोरड्या कड्याकडे बघत घसा खाकरून म्हणाले, "पाण्यावरून मी तुझ्याशी वर्षभर बोलणार नाही."

"बरं. आणि दुसरं?"

"दुसऱ्याचं..." मामांनी यादीवाल्याला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "आधी त्याला ते 'तरी या' नीट लिहू दे. पहिल्या नंबरवर. मग संध्याकाळी घरी घेऊन ये."

"नंबर मी नाही ठरवत, मामा," यादीवाला चाचरत म्हणाला, "संपादक..."

"मामा?" मामा कडाडले. "इतक्यात मामा?"

गर्दी खो खो हसली. काही गाड्या वळून निघून गेल्या, काही तिथेच राहिल्या. माणसं कड्याच्या सावलीत चटया पसरू लागली, आणि एका गाडीवाल्याने जुन्या पायवाटेने टेकडीवर न्यायला दहा जण गोळाही केले. ती चाकापाशीच उभी होती. तो तिच्या शेजारी येऊन थांबला, मध्ये अदबीने हातभर जागा सोडून.

"रात्रीच्या गाडीने मला परत जायचंय," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"मग काय... नंतर कधी यायचं असेल तर? आडवारी? तेव्हा तर इथे कुणी येत नाही."

तिने ती हातभर जागा ओलांडली आणि सगळ्या गावासमोर, मामांसमोर, आपल्या ग्रीसने काळ्या झालेल्या हाताने त्याचा हात घट्ट धरला.

"मी बोलावलेला माणूस येतो," ती म्हणाली. "बुधवारी या."