पिवळ्यात पिवळी

"दाब की बटण, हृतिक!" अपेक्षा ओरडली. हृतिकनं बटण दाबलं. टीव्हीत भलामोठा भुंगा अडकल्यासारखा आवाज घुमला आणि पडदा काळा तो काळाच राहिला.

त्यांची मैत्रीण लुबना पडद्याजवळ सरकली. हा व्हिडिओ गेम अपेक्षाच्या बाबांचा, त्यांच्या शाळेच्या दिवसांतला. त्याची जुनी अँटेनाची वायर नव्या टीव्हीला चालेना, म्हणून लुबनाच्या मोठ्या भावानं, अफताबनं, तो उघडून आतून दोन नव्या वायरी बाहेर काढल्या होत्या. पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. काल लुबनाच्या घरी गेम झकास चालला होता. आज अपेक्षाच्या आजोबांच्या, सर्जेराव आप्पांच्या घरी मात्र त्यानं नेमका दगा दिला.

आप्पांनी न्हावऱ्याच्या एसटी स्टँडसमोरचा आपला रिकामा गाळा अफताबला दुरुस्तीच्या दुकानासाठी द्यायचं कबूल केलं होतं. आता त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आरं, एक खेळणं तुला चालंना, आन् लोकांचं टीव्ही काय दुरुस्त करणार?" ते म्हणाले. "गाळा सलूनवाल्याला देतो."

अफताबनं मान खाली घातली. दुकान नाही म्हणजे उद्या दोनच्या एसटीनं पुन्हा दौंड, पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात काम, आणि घरी यायचं ते फक्त रविवारी. लुबनाला ते मुळीच नको होतं. सुट्टीचा सगळा बेत तिनं भाईच्या दुकानाभोवती आखला होता.

अफताब गेम उघडून एकेक जोड तपासू लागला. आप्पा त्याच्या शेजारीच उभे राहून बघत होते. टीव्हीची बाजू मुलांनी सांभाळली. हृतिककडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, चापट. टीव्हीला दोन बसल्या, तिसरीला अपेक्षानं त्याचा हात धरला. तिनं रिमोट तपासला, तो ठीक होता. लुबनानं मागच्या अंधारात वाकून पाहिलं, तर पिवळी पिन पिवळ्या भोकात अगदी बरोबर बसलेली.

आतले जोडही ठणठणीत निघाले. अफताबनं गेम परत चालू केला, पडदा काळाच; त्यानं हात टेकले. हृतिक कंटाळून गेमचं उडीचं बटण उगाच दाबत बसला, आणि लुबनाला काळ्या पडद्यावर काहीतरी लकाकलेलं दिसलं.

"परत दाब," ती म्हणाली. बटण दाबलं की पडदा लकाकायचा, सोडलं की गप्प.

"भाई, उडीचा आवाज पडद्यावर दिसतोय. आन् चित्र गुणगुणतंय!"

"म्हंजी पिना उलट्या लागल्यात," अफताब म्हणाला. "पण पिवळ्यात पिवळीच हाय की."

लुबनानं पिवळ्या भोकातली पिन ओढून काढली. तिची बोटं पिवळी झाली. तिनं बोटांकडं पाहिलं, मग टीव्हीच्या कोपऱ्याकडं, मग दारामागच्या फ्रिजकडं. सगळीकडं खंडोबाचा भंडारा! घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला आप्पा भंडारा लावायचे. ट्रॅक्टर, पंपाचा स्टार्टर, अपेक्षाचा कॅलक्युलेटरसुद्धा सुटला नव्हता.

"आप्पा, सकाळी ह्याची पूजा केली का तुम्ही?"

"व्हय तर," आप्पा ऐटीत म्हणाले. "तबकात ठिवून, ओल्या बोटांनी दोन्ही पिनांना चांगला चोळला. मगच पिवळ्यात पिवळी घातली."

"दोन्ही पिवळ्या केल्यावर मग घातली कुठली?"

आप्पा वाकून टीव्हीमागं बघू लागले.

लुबनानं ती पिन ओढणीच्या टोकाला खसाखसा पुसली. पिवळा रंग उतरला आणि खालून पांढरी कड डोकावली. तिनं पिनांची अदलाबदल केली. भुंगा गप्प झाला, गाणं वाजू लागलं आणि पडद्यावर रंगीत गडी टुणकन उडाला.

हृतिक म्हणाला की त्याच्या चापटांचा गुण जरा उशिरा आला. त्याचं कुणी ऐकलं नाही.

"अफताब, माझंच चुकलं," आप्पा हळूच म्हणाले. "आन् पोरी, तुझी नजर लई तेज हाय." गाळ्याची किल्ली त्यांनी लुबनाच्या हातात ठेवली. तिला रडू येईल असं वाटलं, पण ती हसलीच.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडला. आप्पा चिमूटभर भंडारा घेऊन वायरी जोडायच्या नव्या सोल्डरिंग गनकडं वळले आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

"लुबना, हितं लावू का?"

"दाराला लावा, आप्पा."

त्यांनी मुकाट्यानं दाराला लावला. समोरून दोनची एसटी दौंडकडं निघून गेली. अफताब स्टुलावर चढून पाटी ठोकत होता आणि लुबनानं स्टूल घट्ट धरलं होतं.