तोंड न उघडणारे पेशंट

दातांच्या डॉक्टरनं वेटिंग रूमचं दार उघडलं, तेव्हा समोर दोन सुजलेले जबडे होते. एक भूमिती शिकवणाऱ्या मास्तरांचा, रुमालात बांधलेला. दुसरा काचेच्या टाकीतल्या पिवळ्या मासोळीचा. दोघं एकमेकांकडे सहानुभूतीनं बघत होते.

टाकी सांभाळायची काउंटरवर बसणारी मावशी. डॉक्टरची सख्खी मावशी, त्यामुळे पगार कमी आणि सल्ले जास्त. ही बया दाण्याला तोंडच लावत नाही, असं तिनं येईल त्या पेशंटला सांगून झालं होतं. तिच्या मते दाढच दुखत असावी.

मास्तरांनी रुमाल जरा सैल केला. "आजारी नाहीये ती. तोंडात अंडी आहेत."

मग दुखऱ्या गालातून अडखळत त्यांनी सांगितलं ते असं: ही सिक्लिड जातीतली मासोळी. हिनं अंडी घालायची आणि लगेच तोंडात उचलून घ्यायची. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत तीनेक आठवडे तिथेच सांभाळायची, आणि तोवर जवळजवळ उपाशी राहायचं—

"आणि बाप?" मावशीनं विचारलं.

"तो... निळाशार होऊन हिंडतो."

मावशीनं मान डोलावली. तिला मासे एकदम ओळखीचे वाटू लागले.

डॉक्टरचं मात्र वेगळंच झालं. लोकांना तोंड उघडायला लावण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तोंड मिटून ठेवण्यातही काही शहाणपण असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय मास्तरांचे डोळे... पण ते तिच्या शाखेत येत नव्हते.

रूट कॅनाल निघालं. मास्तर येत, आधी मासोळीला भेटत, मग खुर्चीला. मोठ्या टाकीत बाकीचे मासे पिल्लं मटकावतील, म्हणून त्यांनीच भांडं बुडवून पिवळीला अलगद उचललं. घाबरली तर ती अंडी गिळून टाकते, हे त्यांनी कुजबुजतच सांगितलं. तिची छोटी टाकी खुर्चीशेजारी ठेवली. तिथे बडबड कमी, असं मावशीचं म्हणणं.

ते खरं नव्हतं. डॉक्टर बडबडायची. मास्तरांच्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस असला की तिला हटकून प्रश्न सुचायचे. एकटेच राहता का? स्वयंपाक येतो का?

"माझ्या तोंडात काहीतरी असलं की बरे तुम्हाला प्रश्न सुचतात," एकदा चूळ भरून ते म्हणाले.

"उलट उत्तर येत नाही ना."

"आणि सरळ उत्तर द्यायचं असलं तर?"

"मग... पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी पिल्लं बाहेर आली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. ड्रिल सुरू झालं की पिवळी जबडा उघडायची आणि सगळी धावत आत. ड्रिल थांबलं की परत बाहेर. त्या गमतीत सरळ उत्तर राहूनच गेलं.

कॅप बसवायची होती त्या दिवशी मास्तर टाकीपाशी बराच वेळ उभे होते. पिल्लं आईच्या तोंडाशी घुटमळत होती आणि आई तोंड उघडत नव्हती. आता त्यांचं त्यांना जमेल, ते म्हणाले; हिला वेगळी काढा, पोटभर खाऊ घाला. म्हणजे माझंही इथलं काम संपलं.

हे ते हसत म्हणाले. डॉक्टरला हसू आलं नाही. दाढ संपली, पिल्लं संपली. आणखी एखादा दात किडलाय का, हे तिनं नको तितक्या आशेनं पाहिलं. सगळे ठणठणीत.

तिनं सिमेंट लावलं, कॅप बसवली, वर कापूस ठेवला. "दाबून धरा. बोलू नका, कॅप हलेल."

आता काही मिनिटं तरी समोरून उत्तर येणार नव्हतं.

"दात दुखत नसला तरी या," ती ट्रेकडे बघत म्हणाली. "म्हणजे—इथे नाही. कुठेही. तुमची सवय झालीय, असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. सवय झाली की माणूस दारावरची बेल वाजल्यावर दचकत नाही. मी अजून दचकते."

बाहेर मावशीचा रेडिओ एकाएकी बंद झाला.

"अं—" मास्तर म्हणाले.

"बोलू नका म्हटलं ना."

मास्तरांनी कापूस दाबून धरला आणि डावा हात वर केला. त्या खुर्चीत डावा हात वर करण्याचा एकच अर्थ असतो.

"दुखतंय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. हात मात्र खाली येईना.

ती त्या हाताकडे बघत राहिली. पेशंटला हात लावण्याआधी ग्लोव्ह घालायचा, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा. तिनं ग्लोव्ह काढला.