आभाळरात्रीची सहावी ओळ

"यंदाची यादी म्हणं बुधाजीनंच..."

एवढं बोलून वेणूबाई थांबली, कारण मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत शिरलो होतो. शेजारी केसर उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "बुधाजीनंच काय?" तर वेणूबाई म्हणते, "काय न्हाय भावजी, तुमचं ज्वारीचं हाय का तांदळाचं? मागं लावा डबा." मला अर्धं ऐकलं की जेवण जात नाही, हे एव्हाना तुम्हांलाही कळलं असेल. पीठ घेऊन निघालो तो घरी न जाता थेट समाजमंदिराकडे वळलो. गुरुवार होता, बावीस जानेवारी.

लाईट येईपर्यंत सांगतो. प्रणाली, तू भिंतीकडे सरक. गणराज, टॉर्च बंद कर, बॅटरी उगाच जाते. आणि आधीच सांगून ठेवतो, आपल्या वस्तीत भूतबीत मानायची पद्धत नाही. मीही मानत नाही. मला बुधाजीच्या पोरानं, हितेशनं जे सांगितलं, माझ्या याच ओटीवर बसून, ते मी सांगतो. शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

तुम्ही आत्ता राहायला आलात, तुम्हांला बुधाजी माहीत नाही. माझ्या भिंतीला लागून त्याची भिंत. उभं आयुष्य थेटरात मशीन चालवण्यात गेलं त्याचं. थेटर बंद पडलं तेव्हा हा माणूस घरी बसून वेडा होईल असं वाटत होतं. पण त्यानं वस्तीतली पोरं गोळा केली आणि समाजमंदिराच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा, जानेवारीतल्या एका शनिवारी, रात्रभर सिनेमे दाखवायला लागला. सगळे विज्ञानाचे. परग्रहाचे, यानाचे, यंत्रमाणसाचे. सहा खेळ, संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत. पोरांनी नाव ठेवलं आभाळरात्र.

सिनेमे इंग्रजी, नाहीतर आणखी कुठल्या तरी भाषेतले. मग बुधाजी काय करायचा? हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर माईक घेऊन बसायचा आणि चालू सिनेमा आपल्या बोलीत सांगायचा. "आता बघा... ह्यो जो गडी हाय ना, त्याला वाटतंय आपुन एकटंच उरलोय. पन न्हाय बरं का." बायका, म्हातारी माणसं, सगळे त्या आवाजासाठी यायचे. मांडव्याला बोटीनं उतरून मुंबईची पोरं यायची तीसुद्धा सिनेमा सोडून त्याचंच ऐकायची.

त्याच्या काही रीती होत्या. सिनेमाचं खरं नाव तो कधी लिहायचा नाही. दोन दिवस आधी बाहेरच्या फळ्यावर खडूनं सहा नावं लिहायचा, सगळी स्वतः ठेवलेली. दोन चंद्रांचा गाव. झोपलेलं गलबत. उलट्या घड्याळाची बाई. मग दोन दिवस वस्तीत, कॉलेजात, रिक्षास्टँडवर एकच धंदा. कुठल्या नावाखाली कुठला सिनेमा? पैजा लागायच्या. पण ज्यानं यादी लिहिली त्याला विचारायचं नाही, हा नियम. विचारलं की मजा गेली. खेळाच्या मध्यांतराला बुधाजी बाहेर येऊन त्या नावापुढं अर्धं वर्तुळ काढायचा, खेळ संपला की ते पुरं करायचा. आणि सगळ्यात शेवटी माईकवर म्हणायचा, "खेळ संपला. दिवे लावा. चपला बघून घाला." हे म्हटल्याशिवाय कोणी जागचं उठत नसे.

मागच्या वर्षी, म्हणजे पंचवीस सालच्या आभाळरात्रीला, त्याचा घसा गेला होता. घशाला भोक पाडून नळी बसवलेली. श्वास घेतला की शीळ वाजायची. पाच खेळ त्यानं कसेबसे, घोगऱ्या आवाजात रेटले. सहाव्याला आवाज आलाच नाही. त्यानं माईक पोराकडे केला, हितेशकडे.

हितेशचे कंपनीतले मित्र पनवेलहून आलेले. त्यांच्यासमोर त्याला लाज वाटली. म्हणाला, "बाबा, कोण ऐकतंय आता हे? खाली अक्षरं येतात ना."

बुधाजीनं माईक तसाच धरून ठेवला होता. बराच वेळ. हितेशनं घेतला नाही.

सहावा खेळ मुका चालला. संपला. पडदा पांढरा झाला आणि "चपला बघून घाला" म्हणायला कोणी नव्हतं. माणसं दहा मिनिटं नुसती बसून राहिली. मग एकेक जण चोरासारखा उठून गेला. एप्रिलमध्ये बुधाजी वारला. शेवटच्या दिवसांत तो झोपेत मूठ पुढं करायचा, काहीतरी देतोय अशी. हितेश ते बघायचा आणि बाहेर निघून जायचा. त्या पोराला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती. मागं जाता येत नाही, पण बापाची एक रात्र नीट पार पाडायची.

तर त्या गुरुवारी मी फळ्यापुढं उभा राहिलो. हातात गरम पिठाचा डबा.

अक्षर बुधाजीचं होतं. त्याचा तो तिरका काना, रेघ मारताना शेवटी दिलेला झटका. सहा ओळी. पाच नावं नेहमीसारखी मजेची. आणि सहावी ओळ, "राहिलेला खेळ."

फळ्यापुढं गर्दी. प्रांजली, आपल्या शाळेतली बाई, म्हणत होती, "राहिलेला म्हणजे तो, मंगळावर एकटा राहिलेला माणूस. पैज!" रत्नपाल, हितेशचा जिवाभावाचा दोस्त, हॉलमधलं मशीन आता तोच चालवतो, तो म्हणाला, "बाई, तुमी दरवर्षी हरता." "तू सांग मग." "मी न्हाय सांगणार. यादीवाल्याला विचारायचं नसतं अन् यादीवाल्याच्या दोस्ताला बी."

सगळे हसले. रत्नपाल हसला तेव्हा त्यानं हितेशकडे बघितलं. हितेशही त्याच्याकडेच बघत होता. मला ते दिसलं. पण मला वाटलं, दोघांचं काहीतरी ठरलेलं आहे.

ठरलेलं काही नव्हतं. तीच तर चूक. हितेशला वाटलं, सहावी ओळ रत्नपालनं लिहिली. रत्नपालला वाटलं, हितेशनं. आणि नियम पडला न विचारायचा. दोघांनी पाळला.

शनिवार, चोवीस जानेवारी. सोमवारी सुट्टी, त्यामुळे हॉल गच्च. मी नऊपर्यंत होतो, मग गुडघा धरला म्हणून घरी आलो. चंद्र लवकर बुडाला. थळच्या बाजूला कारखान्याचा उजेड तेवढा आभाळाला लागलेला. हॉलमध्ये शेवटची खुर्ची हितेशनं रिकामी ठेवली होती. त्यावर बुधाजीचा माईक, वायर गुंडाळून, नुसता आठवण म्हणून. यंदा सांगणारा कोणी नव्हता. लोक खालची अक्षरं वाचत होते. दर खेळाला हितेश बाहेर जाऊन वर्तुळ काढून येत होता, मध्यांतराला अर्धं, संपल्यावर पुरं.

पाचवा खेळ संपला तेव्हा तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. हितेशनं पाचवं वर्तुळ पुरं केलं आणि आत आला. बाहेर गारठा आणि कुत्री, म्हणून दाराला आतून कडी घातली. मशीनजवळ जाऊन रत्नपालला म्हणाला, "लाव."

"काय लावू?"

"सहावा."

"पेन ड्राइव्ह तुझ्याकडं ना?"

"माझ्याकडं कुठला? ओळ तू लिहिलीस."

"मी?" रत्नपाल म्हणाला. "हित्या... मला वाटलं तू."

पडद्यावर नुसता निळा उजेड. लोक वाट बघतायत. कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, "मास्तर, रीळ अडकलं का?" हशा झाला.

हशा थांबता थांबता स्पीकर खरखरला.

"आता बघा..."

कोणी हललं नाही.

काहींना वाटलं, जुनं रेकॉर्डिंग लावलंय. टाळ्या पडल्या, दोन-चार. हितेशनं रत्नपालच्या हाताकडे बघितलं. हात मशीनवर नव्हता. हात तोंडावर होता.

"आता बघा... हॉल हाय. मानसं बसलीत. समोर निळं हाय निस्तं."

मध्ये शीळ. बारीक. श्वासाची.

"पयल्या रांगेतली बाई... शाल डोक्यावरनं घेती."

प्रांजलीनं शाल डोक्यावर घेतली होती. तिनं ती तशीच धरली. खाली सोडायची हिंमत झाली नाही.

"दाराजवळचा गडी... उठाया बघतोय. उठत न्हाय."

दाराजवळचा दिपेश अर्धा उठला होता. तो खाली बसला.

टाळ्या थांबल्या. सगळंच थांबलं.

"आता समद्यांना वाटतंय... मागं बघावं."

शीळ.

"बघत न्हाईत."

खरंच कोणी बघितलं नाही. शंभर-सव्वाशे माणसं. एकाचीही मान वळली नाही. शेवटची खुर्ची सगळ्यांच्या पाठीमागं. हितेश मशीनजवळ, म्हणजे खुर्चीपासून चार पावलांवर. त्याचीही पाठ तिकडेच.

"आन् ह्यो... हितेश."

"ह्यो आता वळंल."

तो वळला नाही.

"वळंल... वळंल..."

आवाज आता स्पीकरमधून येत नव्हता. हितेश मला नंतर म्हणाला, काका, तो मागून येत होता. जवळून. आमच्या घरात रात्री यायचा तसा.

"...थांबला. गेल्या साली बी थांबलावता."

खुर्ची करकरली. कोणीतरी पुढं वाकून हात लांब करावा, तशी.

मग काही नाही. नुसती शीळ. आत... बाहेर... आत...

वाट बघत असल्यासारखी.

किती वेळ, कोणाला सांगता येत नाही. कोणी म्हणतं एक मिनिट. प्रांजली म्हणते, अर्धा तास. हितेशच्या मनात एकच होतं. आत्ता नाही वळलो तर पुन्हा कधीच नाही. तो डोळे मिटून वळला. डोळे मिटूनच चार पावलं गेला. हात पुढं केला. हातात माईक आला.

तो खुर्चीवर ठेवलेला होता, हे लक्षात ठेवा. हितेशला तो छातीएवढ्या उंचीवर मिळाला.

माईकची जाळी ओली होती. कोणी तोंडाजवळ धरून बराच वेळ बोललं की होते, तशी. कोमट.

"सांग," आवाज म्हणाला.

हितेशनं डोळे उघडले नाहीत. तोंड उघडलं. काय सांगणार? समोर सिनेमाच नव्हता. निळा पडदा. त्याला काही सुचेना. शीळ वाढत चाललेली. जवळ... आणखी जवळ... मग त्याला एकच वाक्य आठवलं, लहानपणापासून ऐकलेलं.

"खेळ..." तो म्हणाला. माईकची वायर गुंडाळलेली होती. तरी आवाज हॉलभर घुमला. "खेळ संपला. दिवे लावा. चपला..."

रडू फुटलं त्याला.

"...चपला बघून घाला."

शीळ थांबली.

रत्नपालनं दिवे लावले. खुर्ची रिकामी. कडी तशीच आतून लावलेली, ती दिपेशनं काढली. लोक बाहेर पडले. आणि सांगायचं म्हणजे, प्रत्येकानं खाली वाकून आपापली चप्पल नीट बघून घातली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी सहाला उठलो, दूध आणायला निघालो. तर समाजमंदिराच्या पायरीवर हितेश बसलेला, अंगावर शाल, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "काय रे, झाली रात्र नीट?" तेव्हा त्यानं पहिल्यांदा थोडं सांगितलं. बाकीचं मग महिनाभर, तुकड्यातुकड्यानं.

मी विचारलं, "आणि ती यादी? गिरणीत बायका म्हणत होत्या, बुधाजीनंच लिहिली म्हणून."

तो म्हणाला, "मी लिहिली काका. बाबांच्या जुन्या वह्या समोर ठेवून चार रात्री अक्षर गिरवलं. लोकांना बरं वाटावं म्हणून. लोक फसले."

मी सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, हे बघ, झालं ना. माणसाचंच काम.

"पाच ओळी लिहिल्या मी," हितेश म्हणाला. "सहावी जागा मोकळी सोडली होती. मला नावच सुचलं नव्हतं."

मग त्यानं माझा हात धरला. गार हात.

"पण मी म्हणालो ना काका? संपला म्हणालो ना? सगळ्यांनी ऐकलंय. विचारा कोणालाही. म्हणालो ना मी?"

मी त्याच्या डोक्यावरून फळ्याकडे बघत होतो. त्यानं अजून तिकडे बघितलेलं नव्हतं.

पाच ओळींपुढं पाच पुरी वर्तुळं होती. सहावीपुढंही खडू फिरलेला होता. ताजा. भुकटी अजून फळ्याच्या कडेवर पडलेली.

ते वर्तुळ अर्धंच होतं.